मेतकूट कशाचे?

वहिनींच्या घरगुती मेतकुटाला बंगळुरू-हैदराबादहून मागणी येऊ लागली आणि पाकिटावर इंग्रजीत एक वाक्य लिहून देण्याचे काम, घरात इंग्रजी वर्तमानपत्र घेणारा मी एकटाच असल्यामुळे, माझ्या गळ्यात पडले. वाक्य साधे होते: हे मेतकूट हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ, तांदूळ, गहू, धने, जिरे, मेथी, सुंठ, हळद आणि हिंग यांचे आहे.

मराठीत हा ‘चा-ची-चे’ बिनतक्रार पडेल ते काम करतो. तांब्याचा तांब्या, पाण्याचा तांब्या आणि आजीचा तांब्या यांत धातू कोणता, आत काय आणि मालकी कोणाची, हे कोणाला विचारावे लागत नाही. इंग्रजीत मात्र प्रत्येक नात्याला वेगळे क्रियापद आणि त्याच्या शेपटाला वेगळे शब्दयोगी अव्यय.

मूळ वस्तू ओळखू येत असेल, जसे लाकडाचे टेबल, तर ‘मेड ऑफ’. तिचे रूपच पालटले असेल, जसा लाकडाचा कागद, तर ‘मेड फ्रॉम’. म्हणून मी वहिनींना विचारले की, भाजून दळल्यावर डाळ ही डाळच राहते का.

“अहो भाऊजी, मग काय तिची ज्वारी होते?”

‘इन्क्लूड्स’ लिहिले, तर यादी अपुरी असण्याला वाव राहतो, हे समजावताच त्यांनी हातातली चाळणी खाली ठेवली. “म्हणजे मी काहीतरी लपवतेय, असंच ना?” ‘कॉन्स्टिट्यूट’ उलट्या दिशेने चालते, डाळी-मसाले पुढे आणि मेतकूट शेवटी, तेव्हा तेही बारगळले. ‘कम्प्राइझ’ रुबाबदार खरे, पण त्यापुढे ‘ऑफ’ आलेले जुन्या वळणाच्या लोकांना खपत नाही. एका अमेरिकन गृहस्थांनी तर विकिपीडियावरून ‘कम्प्राइझ्ड ऑफ’ हटवण्यासाठी २०१५ पर्यंत सुमारे ४७,००० दुरुस्त्या केल्या होत्या. अशा माणसाच्या हाती आपले पाकीट पडले तर, या धास्तीने मी ‘कन्सिस्ट’कडे वळलो आणि मोठ्या आत्मविश्वासाने ‘इज कन्सिस्टेड ऑफ’ असे शंभर स्टिकर छापून आणले. या क्रियापदाचा कर्मणी प्रयोग होतच नाही, हे मला आठवीतल्या पुतणीने, तेही जेवताना, सर्वांसमक्ष सांगितले.

शेवटी अन्नपदार्थांच्या लेबलांचे २०२० चे नियम काढून वाचले. त्यांना वाक्य नकोच होते! ‘इन्ग्रेडिएन्ट्स’ हा शब्द, पुढे दोन टिंबे आणि वजनाच्या उतरत्या क्रमाने नावे, एवढे पुरे होते. क्रियापद लागले ते एकाच ठिकाणी: गव्हाचे काही जणांना वावडे असते, म्हणून खाली ‘कन्टेन्स व्हीट’ लिहिणे भाग होते.

वहिनींनी नवे स्टिकर डोळ्यांजवळ धरून पाहिले.

“मूठभर गव्हाला अख्खं वाक्य,” त्या म्हणाल्या, “आणि किलोभर हरभऱ्याच्या डाळीला नुसतं नाव?”