पितळ म्हणजे भेसळीचं तांबं नव्हे

"पितळेत जस्त घालून गिऱ्हाइकाला लुबाडतात, शुद्ध तांब्याचाच गुंड (पाण्याचं भांडं) घ्या," असा मेसेज भंडारा-गोंदियाकडच्या गावांत फिरतोय. तो चुकीचा आहे.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचंच मिश्रण; जस्त त्यात मुद्दाम घालतात. शुद्ध तांबं नरम असतं; त्यातले अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून भांड्याला लवकर पोचे पडतात. वेगळ्या आकाराचे जस्ताचे अणू मध्ये शिरले की थर अडतात आणि धातू कडक होतो.

ठोकून घडवायच्या भांड्याला साधारण 70 भाग तांबं, 30 भाग जस्त लागतं. जस्त 40 च्या पुढे गेलं की थंड पत्रा ठोकताना चिरतो. खरी मेख क्रमात आहे. तांबं 1085 अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त 907 लाच उकळतं. दोन्ही एकदम मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) टाकली तर जस्त पांढरा धूर होऊन उडतं आणि प्रमाण बिघडतं. म्हणून आधी तांबं वितळवून वर कोळशाची भुकटी पसरतात, शेवटी जस्ताचे तापवलेले तुकडे सांडशीने रसात खाली दाबतात. उडणारं धरून जस्त थोडं जास्तच घेतात. ओला तुकडा कधीच टाकू नये, वाफेने रस अंगावर उडतो. तो पांढरा धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो.

कल्हई (आतला कथलाचा मुलामा) उडालेल्या पितळी गंजात (पातेल्यात) कढी, ताक, आंबाडी ठेवू नका, हा मेसेजमधला सल्ला मात्र खरा. पण कारण भेसळ नाही. आंबटात तांबं उतरतं, ते शुद्ध तांब्याच्या भांड्यातही उतरतंच. कल्हई करताना कथलात शिसं मिसळलेलं नाही ना, हे आधी विचारा.