समोशाची पाटी आणि पिंट्याचा खर्रा

जुलै 2025 मधली ती समोशाची पाटी पिंट्याने काल कट्ट्यावर पुन्हा उकरून काढली. समोसा-जिलबीत तेल-साखर किती हे सांगणारी पाटी आपल्या नागपूरच्या एम्समध्ये लागणार, अशी बातमी देशभर झाली, मग दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाने समोशावर इशारा वगैरे काही नाही म्हणून सारवासारव केली. पिंट्याला फक्त निमित्त पाहिजे होतं, कारण समोर गजूभाऊ तर्री-पोह्याची दुसरी प्लेट घेऊन बसले होते. वर लाल तवंग, त्यात बुडालेले चणे, अन् भाऊंचा चमचा काठाकाठाने फिरत होता.

"भाऊ, हे व्यसन आहे. दारूवाणी. कबूल करून टाका." पिंट्याच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आहे. ते घेतल्यापासून तो आम्हाला रोगीच समजतो.

"हाव. म्हणजे जाडे सारे व्यसनी अन् बारके सारे संत?"

"वजनच सांगते ना!"

गजूभाऊंचं मेडिकल स्टोअर आहे, वाचत असतात. "अमेरिकेतल्या येल विद्यापीठवाल्यांनी 2009 मध्ये खाण्याचं व्यसन मोजाले प्रश्नावली काढली. 2014 मध्ये कोणी पंचवीस अभ्यास एकत्र करून पाह्यले. जाड्यांमधी व्यसनात बसणारा चारातला एक. अन् बरोबर वजनवाल्यांमधीही नवातला एक. बाकीच्या तीन जाड्यांचं काय करतं, सांग?"

प्रोफेसर (हा कुठेही शिकवत नाही, चष्म्यामुळे नाव पडलं) मधे बोलला, "मानसोपचारवाल्यांच्या 2013 च्या यादीत जुगाराचं व्यसन आहे, समोशाचं नाही. खादाडीच्या झटक्यांचा आजार आहे, पण तो वेगळा."

"मग चिप्सचं पाकीट फोडलं का संपल्याशिवाय हात काहून थांबत नाही?"

इथे भाऊ थोडे नरमले. मला तेच आवडतं त्यांचं, बरोबर असेल ते मान्य करतात. "ते आहे बाप्पा. अमेरिकेत वीस लोकांना महिनाभर दवाखान्यातच ठेवलं होतं, 2019 चं आहे. दोन आठवडे कारखान्यातलं तयार खाणं, दोन आठवडे साधं. साखर, चरबी, मीठ दोन्हीकडे ताटात सारखंच दिलं, पाहिजे तेवढं खा म्हणे. कारखान्यातल्या खाण्यावर रोज पाचशे कॅलरी जास्त गेल्या, किलोभर वजन वाढलं. साध्यावर तेवढंच उतरलं. तेच लोक, तेच डोकं. नुसतं ताट बदललं."

"ताटाचं तुम्ही बोलूच नका. माझ्या बहिणीच्या लग्नात बालूशाही कोणी संपवली?"

"चौदा वर्षं झाले, हेच ऐकून राह्यलो. अकरा खाल्ल्या."

"सतरा!"

"अकरा. सहा तुझ्या मामानं खिशात टाकल्या."

यावर दहा मिनिटं गेली. प्रोफेसरने मामाच्या बाजूने साक्ष दिली, तो तर लग्नाला आलाही नव्हता.

पिंट्याने वैतागून खिशातून पन्नी काढली. तळहातावर घोटून घोटून तंबाखू-सुपारीचा खर्रा तयार केला, तोंडात टाकला.

"वजन किती रे तुझं?" भाऊंनी सहज विचारलं.

"अट्ठावन्न," पिंट्या मान वर करून, ओठ मिटून बोलला.

"अन् दिवसाचे खर्रे?"

पिंट्या गप्प. पोहेवाला कढईतून मान न काढता म्हणाला, "सहा. इथले. घरचे वेगळे."

तेवढ्यात घड्याळ थरथरलं. बराच वेळ बसलात, उठा, चाला. पिंट्या लगेच उठला अन् तरातरा थेट पानठेल्याकडे गेला.

"पावलं मोज बे!" भाऊ मागून ओरडले, आणि तिसरी प्लेट सांगितली.