लालबागेत जाताय? कात्री घ्यायला विसरू नका

२६ जानेवारीला बेंगळुरूच्या लालबागेतलं पुष्पप्रदर्शन पाहून आलो. गोव्यातल्या फोंड्याहून आम्ही अकराजण गेलो होतो. घरचे चार, मामा-मामी, आणि 'तुम्ही जाताच आहात तर' म्हणून निघालेली वाड्यावरची पाच माणसं. हे प्रदर्शन वर्षातून दोनदा भरतं, प्रजासत्ताक दिनाच्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास. म्हणजे तुमची ऑगस्टची संधी अजून शाबूत आहे. ती वाया जाऊ नये म्हणून चार अनुभवाचे बोल.

दिवस सुट्टीचाच निवडा. आडवारी गेलात तर तिकीट स्वस्त पडतं, सकाळी लवकर गेलात तर काचघराभोवती मोकळं फिरता येतं, आणि मग घरी येऊन सांगायला काही उरत नाही. आम्ही ऐन २६ ला भर दुपारी बारा वाजता आत शिरलो. काचघरात पहिला अर्धा तास मला पुढच्या गृहस्थांचं टक्कल आणि त्यांच्या खांद्यावर बसलेल्या पोराचे बूट एवढंच दिसलं. बूट लाल होते. फुलं बहुधा त्यांच्या पलीकडे होती.

मेट्रोच्या हिरव्या मार्गावर 'लालबाग' नावाचंच स्टेशन आहे. तेव्हा गाडी करूनच जा.

बागेविषयी आधी काही वाचून जाऊ नका. १७६० साली हैदर अलीने ही बाग सुरू केली, टिपूने देशोदेशीची रोपं आणवून वाढवली, आज ती २४० एकर आहे, काचघर १८८९ चं आहे आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरून बेतलंय, असलं काही डोक्यात शिरलं की माणसाचं चालणं मंदावतं. पांढऱ्या सावरीच्या त्या अवाढव्य बुंध्यापाशी तो पाटी वाचत उभा राहतो आणि मागून 'अहो, चला ना, भूक लागलीय' ऐकून घेतो. बेंगळुरू वसवणाऱ्या केम्पेगौडाचा बागेतला बुरुज ज्या खडकावर आहे, तो सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे, असं मी मामांना सांगून बघितलं. मामांनी कमरेवर हात ठेवून खडक या टोकापासून त्या टोकापर्यंत मापला. "आमच्याकडे असता तर एव्हाना क्रशरला गेला असता," म्हणाले. कौतुक की हळहळ, कळलं नाही.

आपल्याला झाडांचं वावडं आहे असं कोणी म्हणू नये, हं. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. पणजीत चर्चसमोर त्याच्या नावाची बागही आहे. तिथे आपण चणे खातो.

काचघरात दरवेळी फुलांचा एक डोलारा उभा करतात. लाखो फुलं, एकेक हाताने खोचलेली. प्रदर्शन चालू असतानाच ती कोमेजतात, मग मधेच बदलावी लागतात. समोर पोचल्यावर तुमचं कर्तव्य एकच, चिमटा काढून बघणे. "खरं आहे काय बघ गो, की प्लास्टिकचं?" हे वाक्य मी पाच-सहा भाषांत ऐकलं असेन, आणि त्यातलं निदान एकदा आमच्याच घोळक्यातून. हाताच्या उंचीवरची सगळी शेवंती चिमटून तपकिरी पडली होती. त्याच्या वरची पिवळीधमक. माणसाचा हात कुठवर पोचतो, हे एका रेषेत कळत होतं.

बांबूच्या बनात गेलात तर खिळा किंवा चावी जवळ असू द्या. आधीच्यांनी जागा फार ठेवलेली नाही. एक नाव तर चक्क मराठीत कोरलेलं दिसलं. शुद्धलेखन बरोबर होतं, तेवढाच अभिमान.

आता फोटो. वाफ्यांभोवती सुतळी बांधलेली असते. कुठून आत शिरायचं ते कळावं म्हणून ती बांधतात. आमच्या वाड्यावरचे एक मास्तर आहेत, हायस्कुलात विज्ञान शिकवतात. त्यांनी आधी मुलीला सुतळीपलीकडे नेलं, मग बायकोला, मग स्वतः. जांभळ्या पेटुनियाचा वाफा होता, नुकतं पाणी घातलेलं. फोटो काढणारा म्हणाला, "थोडं मागे व्हा, काचघर येत नाही." तिघं मागे झाली. "अजून थोडं." तिघं अजून मागे झाली. पेटुनिया नाजूक, तुटताना आवाजसुद्धा करत नाही. एक माळीणबाई खुरपं घेऊन धावत आली. "बेडा, बेडा," म्हणत होती. कन्नड येत नसलं तरी त्या शब्दाला दुभाषा लागत नाही. मास्तरांनी तिला हिंदीत सांगितलं, "दो मिनट." दोनदा काढला फोटो, कारण पहिल्यात मुलीचे डोळे मिटले होते.

मग ती बाई उकिडवी बसली आणि आडवी पडलेली रोपं एकेक करून उभी करायला लागली. मुळाशी माती दाबायची, हात सोडून बघायची, रोप पुन्हा कलंडलं की पुन्हा दाबायची. दोन-तीन उभी राहिली. बाकीच्यांच्या माना मोडल्या होत्या, ती तिने टोपलीत टाकली. ओल्या मातीत मास्तरांच्या सँडलचा ठसा उमटला होता, तळव्याची नक्षी, कंपनीचं नाव उलट्या अक्षरांत, सगळं स्वच्छ. तिने खुरप्याने तोही पुसला. आमच्याकडे वर मान करून बघितलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आम्हीही दोन दिल्या असत्या आणि 'हे लोक उद्धटच' म्हणत जेवायला गेलो असतो. ती सोयही तिने ठेवली नाही.

आणि हे कोण करतं? डिसेंबरात मिरामारच्या किनाऱ्यावर फुटलेली बाटली दिसली की 'हे भायले', म्हणजे बाहेरचे, म्हणून दात-ओठ खाणारे आपण! किनाऱ्यावर उघड्यावर दारू प्यायला दंड ठेवलाय, तो कमी वाटणारे आपण! दूधसागरला कोणी चिप्सचं पाकीट टाकलं की व्हिडिओ काढून शंभर जणांना धाडणारे आपण! आपल्याला वाटतं भायलेपण दिल्ली-हैदराबादच्या गाड्यांतून येतं. ते वास्को-यशवंतपूर एक्स्प्रेसमध्ये आपल्या कुळ्याहूनही चढतं, घरच्या पोळी-भाजीचा डबा आणि मामीला घेऊन.

अरे, लाज वाटत नाही? फूल तोडू नये, हे बालवाडीत शिकवतात. सुतळीच्या अलीकडे उभं राहायला काही डिग्री लागत नाही. चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान हुडकत रानभर फिरणारी आपण माणसं, कुठलं फळ कुठल्या वेलाला लागतं ते पाठ. तिन्हीसांजेनंतर आबोलीला हात लावला तर माझी आजी हातावर चापट मारायची, झाडं झोपली म्हणायची. ही अक्कल घाट ओलांडला की कुठे सांडते? पोरगी उभी होती त्या वाफ्यात, आठ वर्षांची. ती आपल्या बापाकडे बघून शिकणार, आणि बाप विज्ञान शिकवतो!

मास्तरांना मी काही बोललो नाही. बोलायला तोंड नव्हतं. 'अजून थोडं' म्हणणारा मीच होतो. फोन माझा होता.

मामींचं राहिलं. मामींच्या मते विकत घेतलेलं रोप रुजत नाही, चोरलेलं रुजतं. त्यामुळे प्रदर्शनात रोपं विकायला होती, तिकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पर्समध्ये नखं कापायची छोटी कात्री होती. कसली तरी लालसर पानांची, वीतभर फांदी. नाव त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नाही. ओल्या रुमालात गुंडाळून ती यशवंतपूरला गाडीत चढली, तिथून पाण्याच्या बाटलीत. हुबळीला मामींनी पाणी बदललं. रात्री कधीतरी लोंढा गेलं तेव्हा बाटली खिडकीत उभी होती. सकाळी सावर्ड्याला उतरताना बघितलं तर पानं बाटलीच्या गळ्याला चिकटून काळी पडलेली.

"मेली, रुजायची नाही ही," मामी म्हणाल्या. "ऑगस्टात दुसरी आणू."