फ्रिज पेटला का?

माझी गाडी १९७७ सालची आणि मीही १९७७ सालचाच. दोघांच्याही अंगाला पोचे आलेत, थंडीत दोघंही एका दमात सुरू होत नाहीत. फरक इतकाच, की चाळिशी उलटल्यावर ब्रिटिश सरकारने गाडीचा रोड टॅक्स माफ केला. मला कुणी काही माफ केलेलं नाही.

गाडी म्हणजे फोक्सवागनची जुनी कॅम्पर व्हॅन. इंजिन मागे, गोल डोळे पुढे, आत उलगडून पलंग होणारं बाकडं, दोन बर्नरची शेगडी, आणि ओट्याखाली गुडघ्याएवढा फ्रिज. विकणारे आजोबा आत वाकून उभे राहून एकेक वस्तू दाखवत होते. "सगळं चालू आहे," म्हणाले. म्हणताना फ्रिजच्या दाराला त्यांनी गुडघा टेकवला होता. मला वाटलं, वयोमानाने आधार लागत असेल. आधार दाराला लागत होता, हे घरी आल्यावर कळलं.

"ह्यात दही राहील ना?" बायकोने विचारलं.

"न राहायला काय झालं?" मी म्हणालो, आणि तिथेच अडकलो.

एप्रिलमध्ये सासरे आमच्याकडे स्विंडनला आले. कोल्हापूरचे. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला पावणं म्हणतात. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी मी पावणंच. एसटीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं घालवलेला माणूस. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, पत्र्यावर दोन ठिकाणी टिचकी वाजवली आणि म्हणाले, "पावणं, ही तर मॅटॅडोर की वो! आमच्या गल्लीत असल्यातनं वरात न्यायची." मॅटॅडोरसाठी मोजलेले पाऊंड रुपयांत सांगायची हिंमत नव्हती. मी विषय फ्रिजकडे वळवला.

मामा टॉर्च घेऊन आडवे झाले.

"कंप्रेसर कुठं हाय?"

"ह्याला कंप्रेसर नसतोच, मामा."

"मोटार?"

"तीही नसते."

"मग चोरीला गेलंय समदं. फसवलंय तुमास्नी."

त्यांचा दोष नाही. हा फ्रिज चालतो तो उष्णतेवर. घरची वीज, गाडीची बॅटरी किंवा गॅसची ज्योत, ह्यातलं काहीतरी खाली तापलं पाहिजे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी असतो म्हणतात, हा तर तीन घरचा. आतल्या नळ्यांत असतं अमोनिया मिसळलेलं पाणी आणि थोडा हायड्रोजन. खालून तापवलं की अमोनियाचे बुडबुडे पाण्याला ढकलत वर चढतात. वर गेल्यावर पाणी वेगळं होऊन माघारी फिरतं आणि अमोनियाची वाफ मागच्या पात्यांत निवून तिचं द्रव होतं. ते द्रव फ्रिजच्या नळीत उतरतं, तिथे हायड्रोजनच्या संगतीत त्याची पुन्हा वाफ होते, आणि होताना ती आतली उष्णता उचलून नेते. मग पाणी तिला परत पोटात घेतं, की चालली पुढची प्रदक्षिणा. ढकलायला कुणी नाही, सगळा कारभार उतारावर, ज्याच्या त्याच्या वजनाने. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स ह्या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही युक्ती काढली. पुढे आइन्स्टाइन आणि झिलार्ड ह्या जोडीनेही हलणारा भाग नसलेल्या फ्रिजचं पेटंट घेतलं होतं, हेही मी मोठ्या उत्साहाने सांगितलं.

"मग त्यास्नीच बोलवायचं," मामा म्हणाले. थोड्या वेळाने उठून बसले. "म्हंजे आग लावून बर्फ करायचा?"

"हो."

"हे कोल्हापुरात बोलू नका. माझं नाव हाय तिकडं."

पहिला प्रयोग बॅटरीवर केला, कारण त्याला फक्त एक बटण दाबावं लागतं. रात्री दाबलं. फ्रिज आठ अँपिअर ओढतो, बॅटरी साठ अँपिअर-तासांची. एसटीतल्या माणसाला हा भागाकार झोपेतही आला असता, पण मला तो सकाळी आला, चावी फिरवल्यावर नुसतं 'टक्' झालं तेव्हा. फ्रिजमधलं दूध कोमट होतं. गाडी मात्र थंडगार.

मग गॅस. हा विधी सविस्तर सांगायला हवा, कारण त्यात माझं एक अख्खं शनिवार-रविवार गेलं. फ्रिजचं दार उघडायचं, पोटावर झोपायचं आणि डोकं आत घालायचं. आतल्या खालच्या कोपऱ्यात वाटाण्याएवढं भोक असतं, ज्योत दिसते ती त्यातूनच. डाव्या हाताने गॅसचं बटण दाबून धरायचं, उजव्याने ठिणगीची कळ दाबायची. टक्. टक्. टक्. पेटलंच तर बटण तसंच वीसेक सेकंद दाबून धरायचं, म्हणजे ज्योतीपाशी बसवलेली काडी तापते आणि झडप उघडी राहते. आधी सोडलं की ज्योत गेली. सुरक्षिततेसाठी आहे हे सगळं, मान्य आहे. पण गाल लिनोलियमला चिकटलेला, टॉर्च दातांत, नाकाशी कुणाच्या तरी १९८० च्या चीजचा वास, आणि बाहेरून सासरे "सतरा, अठरा..." मोजताहेत, अशा वेळी सुरक्षितता फार लांबची गोष्ट वाटते.

पेटेना. मामांचं निदान तयार होतं: "पिन मारा." स्टोव्हवर संसार केलेल्या पिढीचा ह्या एका औषधावर गाढ विश्वास आहे. मी सांगितलं, ह्या जेटचं भोक केसाएवढं, पिनेने मोठं झालं तर ज्योत बिघडते, स्पिरिटमध्ये भिजत घालतात. मामा दोन तास त्या वाटीकडे, लोणचं मुरतंय का बघावं तसे बघत होते. बर्नरची नळी सोडवली तेव्हा आतून पांढरंशुभ्र जाळं निघालं. मालकही घरातच होते. असल्या नळ्यांचं कोळ्यांना भारी वेड असतं म्हणे. मामांनी त्यांना कागदावर घेऊन शेजाऱ्याच्या कुंपणाशी सोडलं.

तरी ज्योत मिणमिणतीच. मग उलगडा झाला की गाडीला निळी बाटली होती, म्हणजे ब्युटेन. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचंच नाकारतो, आणि आमच्या एप्रिलच्या सकाळी तिथेच रेंगाळतात. प्रोपेन उणे ४२ पर्यंत तक्रार करत नाही. लाल बाटली आणली, रेग्युलेटर बदलला, परवानाधारक माणसाकडून सगळं तपासून घेतलं. तो दाब मोजायचं यंत्र लावायच्या आधीच मामांनी जोडांना साबणाचा फेस फासून ठेवला होता. तो बघत राहिला आणि म्हणाला, "माझे आजोबा असंच करायचे." मामांना भाषांतर करून सांगितल्यावर त्यांनी त्याला जेवायलाच बसवलं.

त्या संध्याकाळी भोकात डोळा लावला तर निळी, अणकुचीदार, स्थिर ज्योत. काळोख्या गाभाऱ्यात एक किरण. मामा माझ्यानंतर पालथे झाले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतूनच आवाज आला, "किरणोत्सवच की वो."

सकाळी फ्रिजमध्ये पाण्याचा पेला ठेवला होता तो जसाच्या तसा. ज्योत जळतेय, मागच्या नळ्या खालून चटका देतायत, आत गारवा नाही. जुन्या माणसांचा एक तोडगा मी ऐकून होतो: बरेच दिवस पडून राहिलेल्या असल्या फ्रिजच्या आतलं द्रव एका जागी साचून बसतं, म्हणून त्याला खाली डोकं वर पाय करून रात्रभर ठेवायचं. आम्ही गॅस बंद करून, जोड सोडवून तो बाहेर काढला आणि दिवाणखान्यात उलटा केला. आतून गुडगुड आवाज आला. "पोट साफ होतंय," मामा समाधानाने म्हणाले. बायकोने वरून येऊन आधी फ्रिजकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग माझ्याकडे. ह्या क्रमाचा अर्थ मला अठरा वर्षांत चांगला कळायला लागलाय.

शीर्षासनानंतर सरळ करून दिवसभर विश्रांती, पुन्हा जोडणी, पुन्हा तपासणी, पुन्हा वीस आकडे. तरी गारवा नाही.

शेवटी मामा चहाची बशी काठोकाठ भरून गाडीत गेले आणि ती फ्रिजसमोर ठेवली. चहा रस्त्याच्या बाजूला सांडला. आमच्या ड्राइव्हवेला पावसाचं पाणी जायला उतार आहे, आणि हा फ्रिज दोन-तीन अंशांहून जास्त कलला की प्रदक्षिणा बंद. स्थापनेच्या दिवशी गाडी सपाट उभी करायची हे मला वाचून माहीत होतं. सपाट म्हणजे किती सपाट, हे बशीने सांगितलं. मी जॅक घेतला, मामा चाकाखाली घालायला काहीतरी शोधत घरात गेले आणि लगेच रिकाम्या हाताने परत आले. स्वयंपाकघरातून आवाज आला, "पोळपाटाला हात लावायचा नाही!" मग लाकडाचे दोन ठोकळे सापडले. तिसऱ्या बशीला चहा चारही बाजूंनी सारखा थरथरला.

पाच तासांनी पेला गार लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर बर्फाची पातळ साय होती. मामांनी ती चमच्याने मोडली आणि खाऊन टाकली.

त्याच शनिवारी निघालो वेल्सला, ब्रेकनच्या डोंगरांत. चालत्या गाडीत ज्योत ठेवायची नाही म्हणून गॅस बंद, बॅटरी चालू. स्विंडनमध्ये १९७२ पासून एक जादूचा चौक आहे: पाच छोटे गोल एका मोठ्या गोलाभोवती, आणि आतल्या चक्रातली वाहतूक उलटी फिरते. तिसऱ्या गोलात फ्रिजचं दार उघडलं आणि दह्याचा डबा मामांच्या पायाशी आला. तिथून सेव्हर्नच्या पुलापर्यंत बायको दाराला गुडघा लावून बसली होती. मला त्या आजोबांची फार आठवण आली.

मुक्कामाची जागा डोंगरउतारावर. पावसात, अंधारात, बशीतला चहा चार वेळा चार दिशांना सांडला. बाहेर दोन अंश, फ्रिजमध्ये अकरा. पेटवून मी पाठ टेकली. मामांनी काही न बोलता दह्याचा डबा उचलून गाडीखाली ठेवला.

सकाळी गाडीखालचं दही कवडीसारखं घट्ट होतं. फ्रिज नऊवर आला होता. तेवढ्यात बायको किंचाळली. फ्रिजच्या वरच्या कपाटात तिने इडलीचं पीठ ठेवलं होतं. मागच्या पात्यांची ऊब रात्रभर तिथे साठत गेली, आणि पीठ फुगून, झाकण उचलून, फळीवरून खाली उतरत होतं. इतकं फुललेलं पीठ तिने ह्या देशात पाहिलं नव्हतं. घरी ओव्हनमध्ये दिवा लावून, पातेल्याला शाल गुंडाळूनही ते दोन-दोन दिवस ढिम्म बसून असतं. तिने बोट बुडवून वास घेतला, आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच माझ्या एखाद्या खरेदीकडे आदराने पाहिलं.

मामा परत गेले. व्हॅन दर शनिवारी संध्याकाळी ड्राइव्हवेवर त्याच दोन ठोकळ्यांवर उभी असते. मी पालथा पडून वीस मोजत असतो, आणि बायको पातेलं घेऊन दारात उभी राहून विचारते, "फ्रिज पेटला का? पीठ ठेवायचंय."