फुगडी नाचतात, खेळतात की घालतात?

पुतणी सहावीत आहे. ‘फुगडी’ या शब्दाचा वाक्यात उपयोग करा, असा गृहपाठ होता. तिनं लिहिलं, ‘कानबाईला आम्ही खूप फुगडी नाचलो.’ (कानबाई म्हणजे आमच्या खानदेशातला देवीचा सण.) त्यावर लाल फुली आली आणि शेजारी दुरुस्ती, ‘आम्ही फुगडी नृत्य सादर केले.’ मी त्या पानाचा फोटो काढला आणि संध्याकाळी कट्ट्यावर नेला.

कट्टा म्हणजे अमळनेरात दगडी दरवाजाच्या अलीकडे, टपरीला लागून असलेला ओटा. चारच डोकी बसतात, पाचवा आला की कोणीतरी उभं राहायचं.

आप्पांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो बघितला. “सादर? कोणाला सादर? कानबाईला तिकीट लावलं होतं का?”

“पण पोरीचंही चुकलंच,” नाना म्हणाले. व्याकरणाचा वास आला की नाना सरसावून बसतात. “नाचणे अकर्मक. माणूस नाचतो, फुगडी नाचत नाही.”

“का हो, ‘काय नाच नाचला गडी’ म्हणतो ना आपण?”

“तिथे नाचच नाचतो. फुगडी नाचणं म्हणजे लाडू जेवणं.”

मग बरोबर काय? आप्पा म्हणाले, खेळणं. मुक्ताईच्या पालखीबरोबर ते मुक्ताईनगरहून पंढरपूरला चालत जाऊन आलेत. “वारीत आम्ही बाप्येसुद्धा फुगडी खेळतो. पावली खेळतो. नाचलो असं एकही माळकरी म्हणणार नाही.” शिवाय त्यांची आई ‘चाल व, फुगडी खेयूत’ म्हणायची. अहिराणीत डोळ्याचा डोया होतो, तसा खेळाचा खेय. आईचा दाखला आला की कट्ट्यावर कोणी उलट बोलत नाही. नाना बोलले.

“मग फुगडी घालतात ते काय?”

इथून खरी मजा. नानांनी दोन वाक्यं ठेवली. ‘मुली फुगडी खेळल्या’ आणि ‘मुलींनी फुगडी घातली’. फुगडी तीच, मुली त्याच. पण पहिल्यात क्रियापद मुलींच्या मागे जातं, दुसऱ्यात फुगडीच्या. दहा फुगड्या झाल्या तर ‘घातल्या’ म्हणावं लागतं, पण खेळल्या त्या मुलीच. (मी हे बोटांवर करून पाहिलं. नाना एवढ्यासाठीच सहन होतात.) म्हणून पुतणीची गफलत मला कळते. ‘फुगडी खेळलो’च्या साच्यात तिनं फक्त क्रियापद बदललं.

नवापूरचा आमचा दोस्त इतका वेळ बिस्किट बुडवत होता. ज्याचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, त्याला दोन्हीकडचं ठाऊक. तो म्हणाला, “आमच्याकडे गरबाही खेळतात. गुजरातीत ‘गरबा रमवा’, म्हणजे खेळायलाच. गरब्याला २०२३ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत जागा मिळाली, तरी बायका खेळायलाच निघतात.”

“आणि भांगडा?”

“भांगडा करतात.”

“का?”

त्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. माझा अंदाज असा की, जे आपल्या अंगणातलं, ज्यात बघणारीही पदर खोचून शिरू शकते, ते आपण खेळतो. झिम्मा, टिपऱ्या, लेझीम. पाहुणा नाच आला की ‘करणे’ लावून मोकळे. नानांना हे पटलं नाही. लावणी काय पाहुणी आहे, ती का खेळत नाहीत, म्हणाले. तेही खरंच.

‘घालणे’ मात्र मला सुटलं असं वाटतं. पिंगा घालतात, रुंजी घालतात, घिरट्या, प्रदक्षिणा, येरझाऱ्या, गस्त घालतात. जिथे फिरून फिरून त्याच जागी यायचं, तिथे घालणं. फुगडीत दुसरं आहेच काय? हातांची अढी, पायाला पाय, अंग मागे टाकलेलं, आणि समोरचीच्या वजनावर आपलं वजन. बांगड्या मनगटात रुततात. एकीनं हात सोडला की दुसरी थेट ओट्याखाली.

“आणि गोंधळ?” आप्पांनी विचारलं. “लग्नानंतर देवीचा गोंधळ घालतात, तोही फिरतोच?”

माझी पंचाईत झाली. गोंधळ देवीपुढेही घालतात आणि ग्रामसभेतही. मग नानाच मदतीला आले. धिंगाणा, धुडगूस, हैदोस, सगळे ‘घालणे’वाले. म्हणजे घालणाऱ्यांची दोन घराणी, एक गोल फिरणारं, दुसरं दंगा करणारं. आणि फुगडी दोन्ही घरांत जेवून येते, असं नवापूरकर म्हणाला. संध्याकाळभरात त्याचं एवढंच वाक्य कामाचं.

मी विचारलं, मग जुनी गाणी मनात पिंगा घालतात, फुगडी का घालत नाहीत?

“फुगडीला दोघी लागतात,” आप्पा म्हणाले. “मनात आपण एकटेच.”

“बसफुगडी एकटीला घालता येते,” टपरीच्या आतून वहिनी म्हणाल्या. गिरणीसारखी चाललेली आमची तोंडं बंद पडली. उकिडवं बसून पाय आळीपाळीने पुढे टाकायचे, त्याला जोडीदारीण कशाला? आप्पांनी कप खाली ठेवला आणि “बसफुगडी वेगळी” एवढंच पुटपुटले.

तेवढ्यात पुतणीचा फोन. “काका, वही उद्या दाखवायचीय. काय लिहू?”

आप्पा ओरडले, “खेळलो!” नाना ओरडले, “घातली!”

“दोन्ही लिहिते,” ती म्हणाली, “बाईंना एक खोडायला लागतंच.”