शिरेतलं रक्त 'अशुद्ध' नसतं

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. धमनीत शुद्ध रक्त असतं आणि शिरेत अशुद्ध. हातावरच्या निळ्या शिरा हा त्याचा पुरावा. रात्री पायात शीर चढते तीही हेच रक्त साचल्यामुळे, तेव्हा ते काढून घ्या, असं त्यात म्हटलंय.

आधी शुद्ध-अशुद्धचं बघू. हृदयाकडून रक्त नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. शाळेतल्या रोहिणी आणि नीला त्या याच. व्याख्या एवढीच. रक्त कसं आहे, याचा तिच्याशी संबंध नाही. फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो, तिथून परतणाऱ्या शिरांत भरपूर. पोटातल्या बाळाला ऑक्सिजन पोचतो तोही नाळेतल्या शिरेतून. आणि घाणच मोजायची, तर मूत्रपिंडाकडे गाळायला जाणारं रक्त धमनीतून जातं. गाळून, युरिया कमी होऊन बाहेर पडतं ते शिरेतून!

गणपतीत पेठांमधली मंडळं रक्तदान शिबिरं भरवतात, तिथे जरा नीट बघा. सुई कोपराच्या खोबणीतल्या शिरेत जाते. पिशवीत उतरणारं ते ३५० मिलिलिटर रक्त काळपट लाल असतं, निळं नव्हे. ते अशुद्ध असतं तर रुग्णाला चढवलं असतं का? शीर निळी दिसते, कारण त्वचेतून आत गेलेल्या प्रकाशातला लाल भाग तिथून कमी परततो. बस.

माझा खरा आक्षेप शेवटच्या सल्ल्यावर आहे. 'शीर चढली' म्हणतो तेव्हा पोटरीचा स्नायू आखडलेला असतो. कंबरेत 'शीर दबली' म्हणतो ती मज्जातंतू. दोन्हींत रक्तवाहिनीचा दोष नाही, मग रक्त कशासाठी काढायचं? पोटरी आखडली की गुडघा सरळ ठेवून पंजा स्वतःकडे ओढावा, ती सुटते. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना विचारावं.

पायावरच्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा मात्र खरोखर शिरांचाच आजार. त्यांतल्या झडपा नीट मिटत नाहीत, रक्त वर जाण्याऐवजी खाली साचतं. तासन्‌तास उभं राहणारे वाहतूक पोलीस, शिक्षक यांना तो जास्त छळतो. त्यावर चांगले उपचार आहेत, सर्जनला दाखवावं. आणि एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर आतल्या शिरेत गुठळी झालेली असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. अशा वेळी पाय चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.