चाव, चावी आणि पानी

लिस्बनमध्ये माझ्या शेजारी राहणाऱ्या आजी उत्तरेकडच्या त्राज-उज-मोंतिश या डोंगराळ मुलखातल्या. लिस्बनकर किल्लीला 'शाव' म्हणतात. आजी 'चाव' म्हणतात आणि लगेच ओशाळतात, "आमचं बोलणं गावठी!" मला मात्र तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा धुळ्याचं घर आठवलं. आमची चावी ती हीच.

मूळ लॅटिन शब्द 'क्लाविस'. फ्रेंचांनी 'क्ल' तसाच ठेवून 'क्ले' केलं. इटलीत 'क्यावे' झालं, रोमानियात 'केये', स्पेनमध्ये 'यावे'. पोर्तुगीजांच्या तोंडी त्या 'क्ल'चा 'च' झाला. पुढे लिस्बनकडे 'च'चाही 'श' झाला, उत्तरेच्या डोंगरांत मात्र तो टिकला. १६ व्या शतकात गोव्याला, वसईला पोर्तुगीज आले ते 'च' घेऊनच, म्हणून आपण शावी नाही, चावी म्हणतो. राजधानीने टाकून दिलेला उच्चार या आजींनी जपलाय, आणि आपणही.

गेल्या आठवड्यात ताईचा पुण्याहून फोन आला. भाची वर्गात 'पानी' म्हणाली आणि बाईंनी सगळ्यांसमोर 'अशुद्ध' म्हणून टोकलं. घरच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. मामांनी लिहिलं, २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आता तरी शुद्ध बोला. त्या दर्जाचा आनंद मलाही आहे. पण संस्कृत शब्द 'पानीय', त्यात 'न' आहे. ण आला प्राकृतात, आणि प्रमाण मराठीने तो ठेवला. खानदेशात, वऱ्हाडात त्या जागी 'न' बोलतात. 'क्ल'चा 'च' आणि 'च'चा 'श' व्हावा, तसंच हे. यात शुद्ध काय आणि अशुद्ध काय? मला तर 'अशुद्ध' हा शब्दच मुळात चुकीचा वाटतो. लिहायला सगळ्यांची मिळून एक प्रमाणभाषा हवी, हे मला मान्य आहे. पण तेवढ्यासाठी पोरीच्या आजीची बोली खोटी ठरवायची गरज नाही.

हिणवणं इथेही आहे, नाहीतर आजी ओशाळल्या नसत्या. तरी त्यांच्याच मुलखाच्या कडेला बोलली जाणारी मिरांदेश ही छोटी भाषा १९९९ च्या कायद्याने मान्य झाली आहे. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

ताईला मी 'पानीय' हा शब्द लिहून पाठवलाय, बाईंना दाखवायला. वहीत भाचीने 'पाणी'च लिहावं. घरी माठापाशी मात्र तिला कुणी टोकू नका, एवढं मामांनाही कळवलं.